दोन चटयांच्या खोलीतला राजाश्रय

१९७८ साली केई कुमाई या जपानी दिग्दर्शकाने ‘ओगिन-सामा’ हा चित्रपट केला. त्यात तोशिरो मिफुने तोयोतोमी हिदेयोशी झाला होता. शेतकऱ्याच्या घरात जन्मून सोळाव्या शतकाच्या अखेरीस सगळा जपान मुठीत आणणारा तो हिदेयोशी. अकरा वर्षांनी त्याच कुमाईने त्याच काळावर आणखी एक चित्रपट केला आणि या खेपेला मिफुनेला दिली सेन नो रिक्यूची भूमिका. रिक्यू हा हिदेयोशीचा चहागुरू. १५९१ मध्ये हिदेयोशीने त्याला पोट फाडून मरायचा हुकूम दिला. एकाच दिग्दर्शकाने एकाच नटाचा चेहरा आधी मारणाऱ्याला दिला आणि मग मरणाऱ्याला.

ही निवड मला फार बोलकी वाटते. रिक्यू-हिदेयोशींवरचे चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक बहुधा एक सोपं चित्र मनात घेऊन जातो. एका बाजूला मातीचा वाडगा, दुसऱ्या बाजूला सोन्याचा. इकडे निर्मळ कला, तिकडे माजलेली सत्ता. शेवटी कला मरण पत्करते आणि जिंकते. या चित्रात कलावंताच्या वाट्याची जबाबदारी पुसली जाते, म्हणून ते मला मान्य नाही. या विषयावरचे जे चित्रपट खरोखर मोठे आहेत, त्यांना हे दोघे एकाच मातीचे आहेत हे ठाऊक असतं. जे कमी पडतात ते एकाला देव्हाऱ्यात बसवतात आणि दुसऱ्याला गावंढळ ठरवतात.

आधी चहा इतका महत्त्वाचा का होता ते सांगायला हवं, नाहीतर वाडग्या-डब्यांपायी माणसं मरतात हे आपल्याला पटणारच नाही. रिक्यूचा जन्म १५२२ चा, साकाई या बंदरातला, व्यापाऱ्याच्या घरातला. साकाईच्या सावकारांकडे पैसा होता, बंदुका होत्या आणि चीन-कोरियाहून आलेली जुनी चहापात्रं होती. ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराने राजधानी क्योतो हाताखाली घातली तेव्हा त्याने ही नावाजलेली पात्रं पद्धतशीरपणे ताब्यात घ्यायला सुरुवात केली. मग तो ती आपल्या सरदारांना बक्षीस देऊ लागला. चहाची बैठक भरवायची परवानगीसुद्धा त्याच्या मर्जीवर होती. हिदेयोशी तेव्हा त्याचा एक सरदार होता आणि त्याला ती परवानगी पराक्रमाबद्दल मिळाली. १५८२ मध्ये ताकिगावा काझुमासु या सरदाराला मोठा मुलूख मिळाला, तेव्हा तो म्हणे खट्टू झाला, कारण त्याला हवी होती चहापूड ठेवायची एक छोटीशी नामांकित डबी. आपल्याकडे सनद, सरंजाम, मानाची वस्त्रं यांना जे मोल होतं ते तिथे या डब्यांना आणि वाडग्यांना आलं होतं. जमीन संपते, वाटून वाटून कमी होते. डबीची किंमत मात्र जाणकार ठरवील तेवढी. आणि त्या काळी सगळ्यांत मोठा जाणकार होता रिक्यू.

इथे आपली मराठी सवय आड येते. कलावंत आणि राजा म्हटलं की आपल्याला तुकोबा आठवतात. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला ही कथा आपल्या रक्तात आहे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये ती आहे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला तो चित्रपट. योगायोग असा की कुमाईच्या रिक्यूवरच्या चित्रपटालाही १९८९ मध्ये त्याच व्हेनिसमध्ये रौप्य सिंह मिळाला. त्यामुळे रिक्यू पडद्यावर आला की आपण नकळत त्याच्या हातात वीणा देतो.

पण तुकोबा म्हणतात, ‘तुमचें येर वित्त धन । तें मज मृत्तिकेसमान’. त्यांनी सोन्याची माती केली. रिक्यूने मातीचं सोनं केलं. चोजिरो नावाच्या कारागिराकडून त्याने हाताने घडवलेले काळे-तांबडे राकू वाडगे करून घेतले. बांबूचा तुकडा कापून फुलदाणी केली. आणि त्याच्या नजरेखालून गेलेल्या वस्तूचं मोल आभाळाला भिडलं. त्याच्यावर जे दोन आरोप ठेवले गेले त्यांतला एक हाच होता, की चहाच्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत तो अवाच्या सवा नफा काढतो. दुसरा आरोप क्योतोच्या दाईतोकुजी मठाचा. तिथल्या दरवाजाचा वरचा मजला रिक्यूच्या पैशाने बांधला गेला होता आणि मठाने कृतज्ञता म्हणून त्यात त्याचा लाकडी पुतळा उभा केला होता, पायांत गवती चपला घातलेला. त्या दारातून हिदेयोशीने जायचं म्हणजे एका चहावाल्याच्या पायाखालून जायचं. पुतळा खाली उतरवून क्योतोतल्या एका पुलापाशी खांबाला जखडला गेला, आणि नंतर रिक्यूचं शीर त्याच्याच पुतळ्याच्या पायाखाली ठेवण्यात आलं.

रिक्यूची नेमणूक तीन हजार कोकूंची होती असं सांगतात. कोकू म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. १५८६ मध्ये क्यूशू बेटाहून ओतोमो सोरिन नावाचा सरदार मदत मागायला ओसाकाला आला, तेव्हा हिदेयोशीच्या भावाने, हिदेनागाने, त्याला सांगितलं की आतल्या गोष्टी रिक्यू बघतो आणि बाहेरच्या मी. सोरिनने हे लिहून ठेवलं आहे. असा माणूस दरबाराच्या दारात उभा राहून नजराणा नाकारणारा नव्हे. तो दरबाराच्या आतल्या खोलीत बसलेला होता. त्याची गोष्ट म्हणूनच मला अधिक जवळची वाटते. नाकारणाऱ्यापुढे आपण हात जोडतो आणि घरी जातो. आत बसलेल्याकडे पाहताना मात्र आपल्यालाही काही उत्तर द्यावं लागतं.

हिरोशी तेशिगाहाराचा ‘रिक्यू’ हाही १९८९ चाच. रिक्यूच्या मृत्यूला चारशे वर्षं होत आली होती म्हणून एकाच वर्षी दोन चित्रपट आले. रेंतारो मिकुनी रिक्यू झाला आणि त्सुतोमु यामाझाकी हिदेयोशी. तेशिगाहाराने त्याआधी सतरा वर्षं कथाचित्रपट केला नव्हता. १९८० पासून तो वडिलांनी स्थापन केलेल्या सोगेत्सु या पुष्परचनेच्या घराण्याचा प्रमुख होता, म्हणजे स्वतःच गादीवर बसलेला कलावंत. त्याच्यासोबत पटकथा लिहिणारा गेन्पेई आकासेगावा हा चित्रकार. १९६० च्या दशकात कलाकृती म्हणून हजार येनच्या नोटेची प्रत छापल्याबद्दल सरकारने त्याच्यावर खटला भरला होता आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हरला होता. एकाला सत्ता चालवण्याचा अनुभव, दुसऱ्याला सत्तेच्या पिंजऱ्यात उभं राहण्याचा. या दोघांनी मिळून रिक्यू लिहिला हे त्या चित्रपटाच्या प्रत्येक दृश्यात जाणवतं.

सुरुवातच बघा. असागाओ म्हणजे पहाटे उमलून दुपारपर्यंत कोमेजणारी वेलीवरची फुलं. रिक्यूच्या बागेत ती बहरल्याचं हिदेयोशीच्या कानावर जातं आणि तो बघायला येतो. येतो तर बागेत एकही फूल नाही. चिडून तो चहाच्या खोलीत शिरतो, तिथे अंधुक उजेडात एकच फूल मांडलेलं. ही आख्यायिका जपानमध्ये सगळ्यांना पाठ आहे आणि ती नेहमी सौंदर्यदृष्टीचा नमुना म्हणून सांगितली जाते. तेशिगाहारा ती फुलं खुडली जाताना दाखवतो, आणि त्यामुळे मला तिच्यात दुसरंच काही दिसलं. एका फुलाला मान मिळावा म्हणून बाकी सगळ्यांची मान उडवणं ही नजर फक्त चहागुरूची आहे का? सगळे सरदार मोडून एक जपान उभा करणाऱ्याची नजर याहून फार वेगळी होती असं मला वाटत नाही. हिदेयोशीला ते फूल इतकं भिडलं, कारण त्याला ती भाषा येत होती.

यामाझाकीचा हिदेयोशी या चित्रपटाचं बळ आहे. तो हसतो, खिदळतो, लाडात येतो, क्षणात बिथरतो. पण तो मूर्ख नाही. रिक्यूसमोर बसून चहा करायला शिकताना त्याच्या चेहऱ्यावर शिष्याची खरी ओढ आहे, आणि आपल्याला हे पूर्ण कधीच जमणार नाही ही जळजळही. पुढे तो चीनवर स्वारी करायचं बोलू लागतो आणि रिक्यूला ते रुचत नाही. इथे चित्रपट इतिहासातल्या अनेक तर्कांपैकी एक तर्क निवडतो, की परदेशावरच्या स्वारीला असलेला विरोध रिक्यूला भोवला. मला या निवडीत काही वावगं वाटत नाही, कारण त्यासाठी तेशिगाहाराने रिक्यूला लढवय्या शांतिदूत केलेलं नाही. त्याचा रिक्यू उशिरा बोलतो, थोडं बोलतो आणि नको तिथे बोलतो. वर्षानुवर्षं आतल्या खोलीत गप्प बसलेला माणूस असाच बोलेल.

त्या सोन्याच्या खोलीबद्दलही बोललं पाहिजे. भिंती, छत, खांब सगळं सोन्याने मढवलेलं आणि सुटं करून कुठेही नेता येईल अशी बांधणी. १५८६ मध्ये ती राजवाड्यात नेऊन हिदेयोशीने सम्राटाला चहा दिला. चित्रपटांत ही खोली आली की प्रेक्षकाने नाक मुरडायचं असतं. पण रिक्यू हा हिदेयोशीच्या चहाचा मुख्य कारभारी होता. त्या खोलीला त्याचा हात लागलाच नसेल असं मानायला मी तयार नाही. आणि तिच्या विरुद्ध टोकाला जी खोली ठेवतात ती ताईआन, यामाझाकी गावातल्या मठातली, जेमतेम दोन तातामींची म्हणजे चटयांची, मातीच्या भिंतींची. रिक्यूची म्हणून मानली जाणारी आज उभी असलेली ही एकच खोली. परंपरा सांगते की १५८२ च्या यामाझाकीच्या लढाईनंतर, हिदेयोशीचा तिथे मुक्काम असताना, त्याच्याच सांगण्यावरून ती बांधली गेली. नोबुनागाच्या मारेकऱ्याला हरवून हिदेयोशी ज्या जागी सत्तेचा वारस ठरला, तिथेच. म्हणजे दारिद्र्याचं सौंदर्य दाखवणारी ही दोन चटयांची खोलीसुद्धा राजाश्रयातच जन्मली. तिचं दार इतकं लहान की गुडघ्यांवर येऊन सरपटतच आत जावं लागतं, आणि तलवार बाहेर ठेवावी लागते. सरदाराला वाकायला लावणारं दार, हे आपण कौतुकाने सांगतो. पण ज्याच्या आज्ञेने ते दार झालं तो सगळ्यांत बलवान होता, म्हणून बाकीचे वाकले.

हीच गोष्ट १५८७ च्या कितानोच्या महाचहाची. क्योतोच्या कितानो देवळाच्या आवारात दहा दिवस चहा, असं हिदेयोशीने जाहीर केलं. सरदार, नागरिक, शेतकरी, परदेशी, कोणीही यावं. एक किटली, एक बादली, एक वाडगा आणावा, चहा नसेल तर भाजलेल्या धान्याची पूडही चालेल. किती मोकळं, किती लोकांचं! पण त्याच फर्मानात पुढे होतं की जो येणार नाही त्याला यापुढे चहा करायची मनाई. प्रत्यक्षात एका दिवसातच सगळं आटोपलं. राजाने वाटलेली समता कशी असते हे या एका फर्मानातून जेवढं कळतं तेवढं मला अनेक ग्रंथांतून कळलं नाही.

कुमाईचा चित्रपट यासुशी इनोउए यांच्या कादंबरीवर आहे. रिक्यू गेल्यानंतर अनेक वर्षांनी त्याचा शिष्य होन्काकुबो आणि नोबुनागाचा धाकटा भाऊ उराकु गुरूच्या मरणाचा अर्थ लावत बसतात. रिक्यूने क्षमा का मागितली नाही? यामानोउए सोजी, फुरुता ओरिबे आणि रिक्यू या तिघांच्या मरणाला जोडणारा काही धागा आहे का? सोजी हा रिक्यूचा शिष्य. १५९० मध्ये ओदावाराच्या वेढ्यात हिदेयोशीने त्याचे नाक-कान कापून त्याला मारलं. ओरिबे हा दुसरा शिष्य, सरदार. १६१५ मध्ये, ओसाकाच्या वेढ्यात शत्रूला सामील झाल्याच्या आरोपावरून, हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावा घराण्याने त्यालाही पोट फाडायला लावलं. चित्रपटाचं सगळं चिंतन चहाच्या खोलीतल्या कोनाड्यात टांगलेल्या एका पटाभोवती फिरतं. ‘शून्य’ लिहून टांगलं तर काही नाहीसं होत नाही, ‘मृत्यू’ लिहून टांगलं की सगळं नाहीसं होतं.

हा चित्रपट फार सुंदर आहे आणि त्याची मला भीतीही वाटते. तिघांच्या मरणाला एका अबोल प्रतिज्ञेचं रूप दिलं की मारणारा बाजूला पडतो. हिदेयोशी मग निमित्तमात्र होतो, जणू या लोकांना हवंच होतं ते त्याने देऊन टाकलं. शिवाय रिक्यू हा व्यापारी. सेप्पुकू, म्हणजे स्वतःचं पोट फाडून मरणं, हे सामुरायाचं मरण. मिफुनेने आयुष्यभर सामुराई रंगवले, त्यामुळे तो नुसता बसला तरी कमरेला तलवार असल्यासारखी दिसते. अशा शरीराने रिक्यू केला की साकाईचा हिशोबी, चतुर, दुकानदारीत मुरलेला माणूस मागे सरतो आणि उरतो एक योद्धा. ज्याच्यावर नफेखोरीचा आरोप झाला त्याच्या आयुष्यातून नफाच काढून टाकायचा, ही श्रद्धा झाली. हुकमाने झालेलं मरण सुंदर करून दाखवलं की हुकूम देणाऱ्याचा भार हलका होतो. ज्या देशाने विसाव्या शतकात तरुणांना चेरीच्या पाकळ्यांची उपमा देऊन मरायला पाठवलं, तिथे या गोष्टीला फारच जपायला हवं होतं.

२०१३ चा मित्सुतोशी तानाकाचा चित्रपट, केन्’इची यामामोतो यांच्या नावाजलेल्या कादंबरीवरचा, मला सगळ्यांत कमजोर वाटतो. काबुकीतला एबिझो इचिकावा रिक्यू आहे. कथा मृत्यूच्या दिवसापासून उलटी मागे जाते आणि रिक्यूच्या सौंदर्याचं मूळ सापडतं तरुणपणच्या एका प्रेमात, कोरियाहून पळवून आणलेल्या एका स्त्रीत. पडद्यावर सगळं देखणं आहे. पण एका सार्वजनिक प्रश्नाला इथे खाजगी दुःखाचं झाकण बसतं. रिक्यूने कोरियन भांड्यांवर प्रेम केलं ते कोणी प्रेयसी होती म्हणून, असं ठरलं की खरी आणि अवघड गोष्ट सांगायची राहून जाते. कोरियातल्या साध्या कुंभारांनी केलेले इदो वाडगे जपानी चहावाल्यांना वेड लावत होते. रिक्यू मेल्यावर वर्षभराने, १५९२ मध्ये, हिदेयोशीची फौज कोरियात उतरली. परत येताना सरदारांनी कुंभार धरून आणले, आणि अरिता व सात्सुमाची भांडी त्यांच्या हातून घडली. क्योतोत आजही ‘मिमिझुका’ नावाचा मातीचा ढिगारा आहे, ज्यात कोरियातून कापून आणलेली हजारो नाकं पुरलेली आहेत. चहागुरूची आवड आणि राजाची स्वारी यांच्यामध्ये कुठे तरी एक रस्ता आहे. तो रस्ता दाखवणारा चित्रपट मला पाहायचा आहे. एका काल्पनिक कोरियन सुंदरीच्या अश्रूंनी तो रस्ता पुसला जातो.

याउलट किनुयो तानाका या अभिनेत्रीने १९६२ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘ओगिन-सामा’ (कुमाईने नंतर याच कथेवर आपला केला) आज पुन्हा पाहावा असा आहे. इथे मध्यभागी रिक्यूची मुलगी ओगिन आहे. हिदेयोशीची नजर तिच्यावर पडते, आणि गुरू-राजाच्या नाजूक नात्याची किंमत एका बाईच्या शरीराने द्यायची वेळ येते. बाकीच्या चित्रपटांत दोन पुरुष वाडग्यावरून एकमेकांकडे पाहत असतात. तानाका कॅमेरा फिरवून त्यांच्या पाठीमागे कोण बसलंय ते दाखवते. ओगिनचं प्रेम ताकायामा उकोनवर आहे. हा उकोन खराच, रिक्यूचा शिष्य आणि ख्रिस्ती सरदार. १५८७ मध्ये धर्म सोडायला नकार दिल्याने त्याची जहागीर गेली आणि शेवटी मनिलाला हद्दपारीत तो वारला. राजाला ‘नाही’ म्हणणारा माणूस शोधायचाच असेल तर रिक्यूपेक्षा तो इथे सापडतो.

उकोनमुळे आपला गोवाही या गोष्टीत येतो, आणि तो रिक्यूच्या शेवटच्या दिवसांत येतो. ३ मार्च १५९१ ला अलेस्सांद्रो वालिन्यानो हा जेझुइट पंथाचा ख्रिस्ती धर्मगुरू, गोव्यातल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा वकील म्हणून, क्योतोत हिदेयोशीपुढे हजर झाला. व्हाइसरॉयचं १५८८ चं ते रंगीत वेलबुट्टीचं पत्र आज क्योतोच्या म्योहोइन मठात राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलं आहे. याच वालिन्यानोने जपानमधल्या जेझुइट मठांत चहाची खोली ठेवायचा नियम केला होता, कारण चहाशिवाय तिथे कोणाशी बोलणंच होऊ शकत नव्हतं. भेटीत दुभाष्या होता जोआओ रोद्रिगेश, ज्याने पुढे चानोयुवर, म्हणजे जपानी चहाविधीवर, विस्ताराने लिहिलं. हिदेयोशीने गोव्याला धाडलेल्या उत्तरात मिंग चीन जिंकायचा मनसुबा सांगितला. त्या भेटीनंतर बरोबर सात आठवड्यांनी, २१ एप्रिलला, रिक्यू मेला. त्या वसंतात हिदेयोशीच्या डोक्यात साकाई आणि क्योतोपेक्षा कितीतरी मोठा नकाशा होता, आणि त्याच सुमाराला रिक्यूचा आधार असलेला हिदेनागाही वारला होता. दोन माणसांच्या रुसव्याफुगव्यापलीकडे जाऊन हा नकाशा पडद्यावर कोणी मांडला तर रिक्यूचं मरण लहान होणार नाही. उलट ते जगाच्या इतिहासात आपल्या जागी बसेल.

रिक्यूला का मारलं? पुतळा, नफेखोरी, मुलगी, कोरिया, दरबारातले गट, प्रत्येक उत्तराला थोडा आधार आहे आणि कुठल्याच उत्तराला पुरता नाही. ही मोकळी जागा चित्रपटाने भरावी, त्यावर माझी हरकत नाही. भरल्यावाचून चित्रपट होणारच नाही. माझी मागणी वेगळी आहे. जे नक्की ठाऊक आहे ते गैरसोयीचं वाटलं म्हणून गाळू नये. रिक्यू गेल्यावर दीड-एक वर्षात हिदेयोशीने फुशिमी इथल्या आपल्या वाड्याच्या बांधकामाबद्दल लिहिलेल्या पत्रात ते रिक्यूच्या आवडीप्रमाणे व्हावं अशी इच्छा लिहिली आहे. त्यानेच काही वर्षांत सेन घराणं पुन्हा उभं करायला परवानगी दिली. हे दाखवलं की खलनायक निसटतो, म्हणून बहुतेक चित्रपट रिक्यूच्या मरणापाशी थांबतात. आणि नातू सोतान? आजोबांचं काय झालं ते पाहून त्याने जन्मभर कोणाचीही चाकरी पत्करली नाही. ‘भिकारी सोतान’ म्हणत त्याला. तरीही आपल्या मुलांना त्याने खटपटी करून मोठमोठ्या सरदारांकडे लावून दिलं, आणि आजची तिन्ही सेन घराणी त्या मुलांपासून चालत आली. स्वतः नकार द्यायचा आणि मुलांची सोय मात्र दरबारात लावायची. या माणसावर चित्रपट व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं मी मराठीत लिहितो आहे त्यामागे एक टोचणी आहे. व्ही. शांताराम यांनी १९५१ मध्ये होनाजीवर ‘अमर भूपाळी’ केला, त्याआधी १९४७ मध्ये ‘लोकशाहीर राम जोशी’ आला. पेशवाईचा शेवट आणि शाहीर, दरबार आणि डफ, यांची गोष्ट पडद्यावर सांगायची वाट आपल्याकडे पडली होती. आज आपले ऐतिहासिक चित्रपट मोठे झाले, पैसा आला, घोडे आणि तोफा आल्या. पण राजासमोर बसून त्याच्या डोळ्यांत बघणारा दुसरा माणूस त्यांतून गेला. राजा एकटाच उरला, आणि त्याच्याभोवती फक्त जयजयकार. शाहीर, कवी, चित्रकार, कीर्तनकार, कारखानदार, सावकार, ज्यांनी त्या राजवटी घडवल्या आणि त्यांचं मीठ खाल्लं, त्यांनी तेव्हा काय पाहिलं, कशावर गप्प बसले, कशावर बोलले? हा प्रश्न विचारल्याने कुठल्याही थोर पुरुषाचा अपमान होत नाही. जपानने आपल्या सगळ्यांत लाडक्या कलावंताबद्दल तो पन्नास वर्षं विचारला, कधी चांगला, कधी वाईट, आणि त्यातून निदान एक ‘रिक्यू’ जगाला मिळाला.

मरायच्या आधी रिक्यूने बांबूचा एक चहाचा चमचा कोरला. शेवटच्या चहाला तो वापरला आणि ओरिबेला दिला. ओरिबेने त्यासाठी एक नळकांडी केली आणि तिला चौकोनी खिडकी पाडली, पितरांच्या पाटीसमोर बसावं तसं तिच्यासमोर बसता यावं म्हणून. चमच्याचं नाव ‘नामिदा’, अश्रू. चोवीस वर्षांनी ओरिबेही त्याच वाटेने गेला. तो चमचा आज नागोयाच्या तोकुगावा कलासंग्रहालयात आहे, ओरिबेला मरणाचा हुकूम देणाऱ्या घराण्याच्या ठेव्यात, त्याच खिडकीच्या नळकांडीत.